मागेबघ्या

एकदा एका शहरात एकोणीस वर्षांच्या एका मुलावरून मोठा वाद पेटला. मुलाने कोणाचे काही बिघडवले नव्हते. तो फुटबॉल खेळत असे, एवढेच.

ते शहर फुटबॉलवेडे होते. तिथल्या जुन्या महाविद्यालयाचा संघ म्हणजे साऱ्या शहराचा संघ. सामन्याच्या दिवशी मैदानाच्या पश्चिमेला असलेल्या दगडी पायऱ्यांवर वकील, दुकानदार, निवृत्त कारकून, फौंड्रीतले कामगार असे सगळे मांडीला मांडी लावून बसत. त्यांतल्या बहुतेकांना महाविद्यालय सोडून वीस-तीस वर्षे झाली होती. तरीही संघ हरला की त्या दिवशी त्यांच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

त्या वर्षी संघाचा मधल्या फळीतला मुरलेला खेळाडू शिक्षण संपवून निघून गेला आणि त्याच्या जागी तेजस कुरणे नावाचा, दुसऱ्या वर्षाला शिकणारा मुलगा आला. जागा मोठ्या जोखमीची. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना तो कुठे व केव्हा द्यायचा हे क्षणात ठरवायचे. संघाचा सारा खेळ या एका माणसाच्या पायांतून जातो. पहिल्या दोन सामन्यांत तेजसने असे पास दिले की पायऱ्यांवरची माणसे उभी राहिली. तिसऱ्या सामन्यात त्याचे तीन पास चुकले. त्या संध्याकाळपासून शहराला दुसरा विषय उरला नाही. हा मुलगा पुढे नाव काढणार की नाही?

एका बाजूचे पुढारी होते देशिंगकर वकील. असा खेळाडू या मातीत वीस वर्षांत झाला नाही, दोन वर्षांनी तो देशाच्या संघात दिसेल, असे ते चहाच्या टपरीवर न्यायालयातल्यासारखे उभे राहून मांडत. दुसऱ्या बाजूला होता मुकुंद शिरोळे. मुकुंद एका बँकेत शाखाधिकारी होता, वय सत्तेचाळीस, बोलणे कमी आणि तोलून. त्याच्या शब्दाला वजन होते, कारण तो गुरुजींचा शिष्य होता.

गुरुजींनी पस्तीस वर्षे त्या महाविद्यालयाचा संघ घडवला होता. मुकुंद तरुणपणी एकच हंगाम त्यांच्या हाताखाली खेळला. मग गुरुजींनी त्याला बाजूला घेऊन सांगितले की तुझे शरीर या खेळाचे नाही, पण तुझी नजर चांगली आहे, माझ्याजवळ बसत जा. मुकुंद बसला आणि पुढची कित्येक वर्षे बसत राहिला. कोण टिकेल, कोण मोडेल, कोणाच्या पायात खेळ आहे आणि कोणाच्या फक्त तोंडात, हे गुरुजी हलक्या आवाजात सांगत आणि मुकुंद ते मनात साठवून ठेवी. सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिल्यावर गुरुजींचे मैदानावर येणे थांबले. तेव्हापासून लोक मत विचारायला मुकुंदाकडे वळू लागले. त्याला ते आवडे. आपण घाईने बोलत नाही, गुरुजींनी शिकवले तसे पाहून बोलतो, याचा त्याला अभिमान होता.

तेजसमध्ये त्याने एक गोष्ट हेरली होती. चेंडू पायाशी येण्यापूर्वी हा मुलगा दर वेळी मान वळवून खांद्यावरून मागे पाहत असे. मुकुंदाने टपरीवर सांगितले, "मागून कोणी येऊन आदळेल याची त्याला धास्ती आहे. पायात कला आहे, पण काळजात दम नाही. मोठ्या सामन्यात हे उघडे पडेल." कोणीतरी म्हणाले, थोडक्यात सांगा की. मुकुंद क्वचितच विनोद करी. त्या दिवशी त्याने केला. तो म्हणाला, "मागेबघ्या."

टपरी हसली. रात्रीपर्यंत ते नाव माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचले आणि चौथ्या सामन्यात पायऱ्यांच्या वरच्या टोकाला बसलेल्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी ते उचलले. तेजसकडे चेंडू निघाला की ती पोरे एका सुरात ओरडत, "मागे बघ, मागे बघ." मुकुंदाला प्रथम थोडे अवघडल्यासारखे झाले. मग वाटले, आपण तर फक्त निरीक्षण नोंदवले. लोक त्याचे काय करतात, ते लोकांचे.

वाद मात्र मिटेना. वकील जितके मोठे भाकीत करत, तितका मुकुंद आपल्या मताला घट्ट धरून बसे. विद्यापीठाच्या स्पर्धेची उपांत्य फेरी आपल्याच मैदानावर ठरली, तेव्हा दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत झाले. गुरुजींना आणायचे. त्यांनी नव्वद मिनिटे पाहावे आणि शेवटचा शब्द सांगावा.

गुरुजी तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते. मुकुंद आणि वकील त्यांच्या घरी गेले. गुरुजींनी दोघांचेही सविस्तर ऐकून घेतले. ते मुलाच्या खेळाविषयी काही विचारतील असे दोघांना वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले की हे नाव कोणी ठेवले. मुकुंदाने सांगितले, "मीच ठेवलं, गुरुजी. सहज." गुरुजी काही वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि येतो म्हणाले.

सामन्याच्या दिवशी दुपारी तीन वाजता त्यांना रिक्षातून आणले. पायऱ्यांपुढे, मैदानाच्या अगदी कडेला, प्राचार्यांच्या कार्यालयातली हाताची खुर्ची मांडली होती. जुन्या विद्यार्थ्यांनी रांगेने पायांना हात लावले. पंचांनी शिटी वाजवली आणि गुरुजी उठले. त्यांनी खुर्चीचा हात धरला, ती उचलायला झेपेना म्हणून ओढत ओढत फिरवली, आणि मैदानाकडे पाठ करून, पायऱ्यांकडे तोंड करून बसले.

आधी लोकांना वाटले, म्हातारपणाचा गोंधळ आहे. दोघे धावत आले आणि गुरुजी, सामना तिकडे आहे, असे त्यांनी सांगितले. गुरुजींनी मान डोलावली, पण ते हलले नाहीत. पायऱ्या पश्चिमेला असल्यामुळे उतरते ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यावर येत होते. प्राचार्यांनी शिपायाकरवी छत्री पाठवली. ती त्यांनी मिटलेलीच मांडीवर ठेवली. डोळ्यांतून पाणी वाहत होते, ते अधूनमधून धोतराच्या सोग्याने पुसत होते आणि पुन्हा वर पाहत होते. त्यांच्या पाठीमागे बावीस मुले धावत होती. ते मात्र एकेका चेहऱ्यावर थांबत, वाचल्यासारखे, पुढच्या चेहऱ्याकडे सरकत होते. मुकुंद तिसऱ्या पायरीवर बसला होता. गुरुजींची नजर आपल्यावर आली की त्याला उगाच शर्टाची बटणे तपासावीशी वाटत. पंधरा-वीस मिनिटांनी तो विसरला. सारेच विसरले.

सामना अटीतटीचा झाला. मध्यंतराला एकेक गोल होता. सत्तराव्या मिनिटाला महाविद्यालयाच्या बचावपटूने तेजसकडे साधा, सरळ पास दिला. वरून पोरांचा ओरडा उठला. तेजसने चेंडू पायाशी घेतला, आणि त्याच क्षणी त्याच्या मागून आलेल्या प्रतिपक्षाच्या खेळाडूने तो काढून नेला. पुढे गोलरक्षकाशिवाय कोणी नव्हते. चेंडू जाळ्यात गेला. उरलेली वीस मिनिटे तेजस मैदानावर होता, पण त्यानंतर त्याने एकही पास पुढे दिला नाही. संघ हरला.

सामना संपल्यावर माणसे गुरुजींभोवती जमली. वकिलांचा आवाज बसला होता. मुकुंद शांत होता, जिंकलेला माणूस शांत असतो तसा. त्याने विचारले, "गुरुजी, काय वाटलं मुलाबद्दल?"

"मी त्याचा खेळ पाहिलाच नाही," गुरुजी म्हणाले. "मत कसं देऊ?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणी तोंडावर बोलले नाही, पण परत जाताना कुजबुज झाली की इतक्या मोठ्या माणसाला या वयात आणायलाच नको होते. ती कुजबुज ऐकून मुकुंदाचे कान तापले. त्याला गुरुजींचा राग आला होता आणि राग आल्याचीही लाज वाटत होती. रिक्षा नको, थोडे चालू, असे गुरुजी म्हणाले, म्हणून तो त्यांचा हात धरून मैदानाच्या कुंपणाच्या कडेने निघाला. ऊन पिवळे झाले होते. काही अंतर दोघे चालले. मग मुकुंदाला राहवले नाही. सगळ्यांसमोर असे का केले, असे त्याने विचारले.

गुरुजी कुंपणाच्या कठड्यावर टेकले. म्हणाले, "तुम्ही मला विचारलंत की त्या मुलात काय आहे. ते मला एका सामन्यात कळलं नसतं. पण त्या मुलाच्या वाटेत काय आहे, ते कळण्यासारखं होतं. ते पायऱ्यांवर बसलं होतं. म्हणून तिकडे पाहिलं."

"आणि काय दिसलं?"

"सांगू?" गुरुजींनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता सांगितले. "गोल झाला तेव्हा मी पाठमोरा होतो. मला गोल तुमच्या चेहऱ्यांवर दिसला. बाकीच्यांनी डोक्याला हात लावले. वकिलांनी मैदानाकडे नाही, आधी तुझ्याकडे पाहिलं. त्यांना संघ मागे पडल्याचं दुःख नव्हतं, तुझ्यासमोर आपण खोटे ठरलो याचं होतं. आणि तू, मुकुंदा, हसलास."

मुकुंद म्हणाला की हे शक्य नाही. आपला संघ हरत असताना आपण कसे हसू?

"ओठ फार हलले नाहीत. डोळे हसले. एवढंसं, क्षणभर. नंतर तू चेहरा पाडलास. पण आधी हसलास."

मुकुंद आणखी नाकारू शकला नाही. कारण त्याला आठवले. चेंडू जाळ्यात जाताना छातीत काहीतरी सुखाने सैल झाले होते. बघा, मी म्हणालो नव्हतो का, हे वाक्य मनात आधी उमटले होते, आणि आपण हरलो, हे नंतर. ते सुख ओळखीचे होते. कित्येक वर्षे, कित्येक मुलांच्या वेळी त्याने ते चाखले होते, आणि त्याला वाटत आले होते की ते खेळ समजल्याचे समाधान आहे. त्याची मान आपोआप खाली गेली. कुंपणापलीकडे माळी गोलची जाळी सोडवत होता, तिकडे पाहण्याचेही धैर्य त्याला झाले नाही.

"तुला लाजवायला सांगत नाही," गुरुजी म्हणाले. "ते हसू मला ओळखता आलं, कारण ते माझं आहे. मीच तुला ते शिकवलं. एखाद्याविषयी आपण चारचौघांत मत दिलं की ते मत आपलं लेकरू होतं. मग ते जगावं असं वाटतं. खरं लेकरू मैदानावर धडपडत असतं, आणि आपण त्याच्या पडण्याची वाट पाहत बसतो, आपलं मत वाढावं म्हणून."

ते थांबले. पुढचे त्यांना जड जात असावे, कारण त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"तू संघात आलास त्याच्या पहिल्याच आठवड्यात मी प्राचार्यांना म्हणालो होतो, हा पोरगा टिकायचा नाही. एका दुपारच्या सरावावरून म्हणालो. त्यानंतर मी तुझा खेळ पाहिला नाही. फक्त पुरावे पाहिले. एका सामन्यात तू कोसळलास, तुला दोघांनी धरून बाहेर आणलं, आठवतं?"

मुकुंदाला आठवत होते.

"तेव्हा मला बरं वाटलं होतं. मग मी तुला जवळ बसवलं, नजर चांगली आहे म्हणालो. तू टिकला असतास की नाही, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी पाहिलंच नाही."

अठ्ठावीस वर्षे ज्या वाक्यावर मुकुंदाने आपले आयुष्य रचले होते, तुझे शरीर या खेळाचे नाही, ते वाक्य एका दुपारच्या अंदाजाहून मोठे नव्हते. त्याला रडू येईल असे वाटले, राग येईल असेही वाटले. समोर कठड्याला टेकलेला म्हातारा माणूस त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. गुरुजींना खाली मान घातलेले त्याने कधी पाहिले नव्हते.

"तुझी क्षमा मागायला मला अठ्ठावीस वर्षं लागली," गुरुजी म्हणाले. "तू एवढी लावू नकोस."

त्यानंतर मुकुंदाने हात धरून त्यांना त्यांच्या दारापर्यंत पोहोचवले.

मुकुंदाला ताबडतोब तेजसकडे जाता आले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ग्रुपवर एक लांब मजकूर लिहिला आणि पाठवण्यापूर्वी पुसला. तिसऱ्या दिवशी मनाने पळवाट काढली की मुलाला हे नाव कोणी ठेवले ते माहीतही नसेल, उगाच कशाला सांगायचे. पाचव्या दिवशी बँकेत संघाचे प्रशिक्षक भेटले. बोलता बोलता त्यांनी सांगितले की त्या सामन्यापासून तेजस सरावाला आलेला नाही, फोनही उचलत नाही. मुकुंदाने सहानुभूतीने मान हलवली, आणि मान हलवतानाच त्याला आपल्या चेहऱ्याची किळस आली. तरी आणखी तीन दिवस गेले. नवव्या दिवशी तो प्रशिक्षकांकडून पत्ता घेऊन गेला.

औद्योगिक वसाहतीमागे कामगारांच्या दोन खोल्यांच्या घरांची ओळ होती. तेजसचे वडील फौंड्रीत होते, ते कामावर गेले होते. आईने दार उघडले. महाविद्यालयाकडून आलोय, असे मुकुंदाने सांगितले, आणि त्या माउलीचा चेहरा उजळला. तिने खुर्ची पदराने पुसली, चहा ठेवला, तेजस दुकानात गेलाय, आत्ता येईल, बसा की, म्हणाली. मग दाराच्या चौकटीशी उभी राहून तिने थोडे संकोचाने विचारले, "तुम्ही मॅच बघत असाल ना भाऊ? कसा खेळतो हो आमचा? आम्हाला त्यातलं काय कळत नाही. तो काय सांगत नाही."

या प्रश्नावर मुकुंद गेले दोन महिने रोज बोलत होता. टपरीवर, ग्रुपवर, बँकेत जेवणाच्या सुट्टीत. त्याने आठवून पाहिले. त्या मुलाचा डावा पाय कसा आहे, पास देताना तो मान वर ठेवतो का, चुकल्यावर चेंडूमागे धावतो का, यातले त्याला काहीच सांगता येईना. आठवत होती ती फक्त वळलेली मान.

"मी नीट पाहिलं नाही, वहिनी," तो म्हणाला.

तिला वाटले, साहेब कामात असतील. ती आत जाऊन चहा घेऊन आली. तो चहा मुकुंदाने कसाबसा संपवला.

तेजस आला. मैदानावर दिसे त्यापेक्षा तो लहान होता, मिशा नुकत्याच फुटलेल्या. मुकुंद त्याला घराबाहेर, नळाजवळच्या मोकळ्या जागेत घेऊन गेला. तिथे त्याने आपले नाव सांगितले आणि म्हणाला की पायऱ्यांवरची पोरे तुला ज्या नावाने हाक मारतात, ते मी ठेवले. चूक झाली, असे तो म्हणाला. आणखी बरेच बोलायचे ठरवले होते, ते आठवले नाही.

मुकुंदाला वाटले होते, पोरगा चिडेल किंवा जाऊ द्या म्हणेल. त्याने दोन्ही केले नाही.

"तुम्ही ठेवलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, पोरांनीच ठेवलं." मग म्हणाला, "आमच्या शाळेतल्या सरांनी शिकवलं होतं, काका. चेंडू यायच्या आधी मागं बघून घ्यायचं. मागं कोण आहे ते कळलं की पुढं कुठं द्यायचं ते ठरतं. आल्यावर बघायला वेळ नसतो."

इतकी साधी गोष्ट. गुरुजींनीही कधीकाळी मुलांना हेच शिकवले असेल. इतकी वर्षे पायऱ्यांवर बसूनही ती मुकुंदाच्या लक्षात आली नव्हती.

"त्या दिवशी ठरवून उतरलो होतो," तेजस नळाकडे पाहत म्हणाला. "काय झालं तरी मागं बघायचं नाही. अख्खी मॅच बघितलं नाही. म्हणून तो मागचा दिसला नाही."

मुकुंदाच्या डोळ्यांसमोर तो क्षण उभा राहिला. बचावपटूचा पास, वरून उठलेला ओरडा, चेंडू घेणारा मुलगा, आणि त्याची ताठ, सरळ, न वळलेली मान. ती मान तो पाहत होता. दोन महिने त्याने त्या मानेखेरीज काही पाहिले नव्हते, आणि ज्या दिवशी ती वळली नाही, त्या दिवशी ते त्याला दिसले नव्हते. त्या दिवशी तो दुसऱ्याच गोष्टीची वाट पाहत होता.

त्याला क्षमा मागायची होती, पण मघाशी ती मागून झाली होती, आणि आता ती फार लहान वाटत होती. सरावाला ये, एवढेच तो म्हणाला. तेजस म्हणाला, "बघतो." तो घरात गेला. मुकुंद वसाहतीतून चालत मोठ्या रस्त्यावर आला.

त्या संध्याकाळी त्याने ग्रुपवर सगळे लिहिले, आपल्या नावानिशी, आणि या वेळी पुसले नाही. दोघा-तिघांनी हसण्याची चिन्हे पाठवली. एकाने विचारले, एवढे मनाला काय लावून घेता? बाकीचे गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी देशिंगकर वकिलांचा फोन आला. ते नेहमीसारखे मोठ्याने बोलले नाहीत. आपण त्या मुलाविषयी देशाच्या संघाची भाषा करत होतो, तीही त्याला कोणी सांगितली असेल का, असे त्यांनी विचारले. मुकुंद म्हणाला, सांगितली असेल.

तेजस त्या हंगामात परतला नाही. पुढच्या वर्षी परतला. पहिल्या सामन्यात तो राखीव होता. मुकुंद पायऱ्यांवर गेला, पण तिसऱ्या पायरीवर न बसता कडेला, जिथे बोलायला शेजारी कोणी नसते तिथे बसला. कोणीतरी येऊन नव्या गोलरक्षकाविषयी त्याचे मत विचारले. आपल्याला माहीत नाही, असे त्याने सांगितले. विचारणाऱ्याला तो शिष्टपणा वाटला.

उत्तरार्धात तेजस मैदानात आला. मुकुंद पाहू लागला, आणि त्याला आढळले की पाहणे कठीण असते. मनात सारखी वाक्ये तयार होत होती, ती बाजूला सारून पुन्हा नुसते पायांकडे पाहावे लागत होते. सामना संपल्यावर तो तिथून सरळ गुरुजींकडे गेला.

गुरुजी आता अंथरुणाला खिळले होते. त्यांनी विचारले, "कसा खेळला?"

मुकुंदाने खुर्ची जवळ ओढली आणि सांगू लागला. तेजस डाव्या बाजूला जास्त जात होता. पास देण्यापूर्वी चेंडू एकदा थांबवत होता. सावध होता, मागच्या वर्षापेक्षा हळू. दोन वेळा मान वळवून मागे पाहिले, एकदा पाहायचे राहिले. एक लांब पास फार सुंदर गेला. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. पुढे काय होईल हे त्यांनी विचारले नाही आणि मुकुंदाने सांगितले नाही.

"शेवटी एक पास चुकला," मुकुंद म्हणाला. "सोपा होता. चेंडू बाहेर गेला. गुरुजी, माझ्या पोटात खड्डा पडला."

गुरुजींनी डोळे उघडले. "पहिल्यांदाच?"

मुकुंदाने मान खाली घातली. "हो. पहिल्यांदाच."

गुरुजींनी अंथरुणावरून हात सरकवून मुकुंदाच्या हातावर ठेवला.

"माझं तर तेही राहून गेलं," ते म्हणाले.